दिवाळीपर्यंत थांबू का? : हाताच्या सुजेविषयी एका ताईंना उत्तर

वाचकाचे पत्र : ‘माझं वय ५६ आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या, पुढे केमो आणि पाच आठवडे रेडिएशन झालं. गेल्या दीड-दोन महिन्यांपासून डावा हात जड वाटतो. पाटलीचा वळ उठतो. पोलक्याची डावी बाही चढेना म्हणून शिंप्याकडून शिवण उसवून घेतली. दुखत नाही, ताप नाही. जाऊबाई म्हणतात वाताचं आहे. त्या रोज तेल लावून हात रगडून देतात, रात्री मी गरम पाण्याच्या पिशवीने शेकते. औषधाच्या दुकानातून पाणी कमी करणारी लघवीची गोळी आणून चार दिवस घेतली. मधुमेहाची गोळी चालू आहे. मुलगा बंगळुरूला असतो. दिवाळीला अजून पाच आठवडे आहेत. तो आला की त्याच्याबरोबर पुण्याला जाऊन दाखवावं असं मनात आहे. आत्ताच सांगून त्याला घाबरवायचं नाही. तोवर अंगावर काढलं तर चालेल का? आणि धावाधाव करावी अशी वेळ नेमकी कोणती?’

ताई, सप्रेम नमस्कार.

दिवाळीपर्यंत थांबू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून आज रात्रीच गाडी करून निघावे असे मला वाटत नाही. परंतु येत्या आठवड्याच्या आत तुमचा हात, तुमची काख आणि तुमची मान डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासलेली असली पाहिजे. पत्रावरून निदान होत नाही आणि मी ते करीतही नाही. मात्र ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत त्याच बाजूचा हात दोन महिने सुजत जातो आहे, एवढी एकच गोष्ट डॉक्टरांकडे जाण्यासाठी पुरेशी आहे. त्यासाठी हात दुखलाच पाहिजे असे नाही. किंबहुना दुखत नाही म्हणूनच हे दुखणे महिनोन् महिने अंगावर काढले जाते.

तुमच्या पत्रातली उसवलेल्या शिवणीची गोष्ट माझ्या मनात राहिली. हात सुजला आहे हे तुम्हाला कळले होते, आणि ते सर्वांत आधी शिंप्याला सांगितले गेले. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचे असेच होते. बाही आखूड करतात, बांगड्यांचे माप बदलतात, घड्याळ उजव्या हाताला बांधू लागतात, आणि या सगळ्या सोयी करण्यात चार-सहा महिने निघून जातात. पाटलीचा वळ, घट्ट झालेली बाही, बोटात रुतणारी अंगठी आणि संध्याकाळी जाणवणारा जडपणा ही या सुजेची पहिली लक्षणे आहेत. डोळ्यांना सूज दिसण्याच्या आधी ती कपड्यांना आणि दागिन्यांना जाणवते. तुमचे निरीक्षण अगदी अचूक होते. ते फक्त योग्य माणसापर्यंत पोहोचायचे राहिले आहे.

आता हे का होते ते थोडे सविस्तर सांगते, कारण कारण समजले की काय करावे आणि काय टाळावे हे निराळे पाठ करावे लागत नाही. आपल्या बारीक रक्तवाहिन्यांतून सतत थोडे पाणी आणि प्रथिने बाहेर झिरपत असतात. हे झिरपलेले पाणी, ज्याला लसिका किंवा लिम्फ म्हणतात, गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या नाजूक नलिका कातडीखाली असतात, आणि हाताकडून येणाऱ्या बहुतेक नलिका काखेतल्या गाठींमधून (रोगाच्या नव्हेत, शरीरात मुळातच असणाऱ्या लसिकागाठींमधून) जातात. तुमच्या गावाकडे उसाला पाणी देणाऱ्या पाटांची कल्पना करा. मुख्य चारी बुजवली तर वरून येणारे पाणी थांबत नाही, ते सरीत तुंबते आणि हळूहळू बांधावरून पसरते. कर्करोग पसरला आहे का हे पाहण्यासाठी आणि तो काढून टाकण्यासाठी काखेतल्या गाठी काढाव्या लागतात. त्यातून तुमचा जीव वाचला आहे, तेव्हा त्या निर्णयाबद्दल मनात काही ठेवू नका. पण गाठी गेल्या आणि रेडिएशनने त्या जागेच्या ऊती थोड्या घट्ट झाल्या की निचऱ्याची वाट अरुंद होते. हात काही महिने, कधी काही वर्षे, उरलेल्या वाटांवर काम भागवतो. मग एखादा संसर्ग, वाढलेले वजन किंवा काहीही नवे कारण नसतानाही निचरा कमी पडू लागतो. या सुजेला लिम्फिडीमा म्हणतात. काखेतल्या गाठी मोठ्या प्रमाणावर काढलेल्या साधारण पाच स्त्रियांपैकी एकीला ती येते. एक-दोनच पहारेकरी गाठी, म्हणजे निचऱ्याच्या वाटेवर सर्वांत आधी लागणाऱ्या गाठी, तपासणीसाठी काढल्या असतील तर हे प्रमाण बरेच कमी असते. बहुतेकींना ती पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, तरी दहा वर्षांनी आलेलीही मी पाहिली आहे.

दिवाळीपर्यंतचे पाच आठवडे का महत्त्वाचे आहेत, ते यावरून कळेल. सुरुवातीला या सुजेत मुख्यतः पाणी असते. अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरले की खळगा पडतो आणि तो हळूहळू भरतो. रात्री हात उशीवर घेऊन झोपले की सकाळी सूज उतरलेली दिसते. या टप्प्यावर उपचार सुरू झाले तर हात पुष्कळसा पूर्ववत होऊ शकतो. पण ते प्रथिनयुक्त पाणी महिनोन् महिने साचून राहिले की त्या जागी चरबी आणि तंतू वाढतात, हात टणक होतो, दाबले तरी खळगा पडत नाही आणि रात्रीच्या विश्रांतीने काही फरक पडत नाही. मग उपचारांनी हात आटोक्यात राहतो, तरी पहिल्यासारखा क्वचितच होतो. तुमचा हात सध्या कोणत्या टप्प्यावर आहे हे मला माहीत नाही, पण तो पहिल्या टप्प्यावर असेल तर ही संधी हातची जाऊ देऊ नका.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाही पण ओळींमागे मला दिसली. आजार पुन्हा उलटला असेल का, ही भीती. मुलाला सांगून घाबरवायचे नाही, असे तुम्ही लिहिता तेव्हा आधी तुम्हीच घाबरलेल्या असता. तुमच्यासारख्या परिस्थितीत हळूहळू येणाऱ्या, न दुखणाऱ्या सुजेचे कारण बहुतेक वेळा लिम्फिडीमाच निघते. तरीही काखेत किंवा गळ्याच्या हाडाच्या वर रोगाच्या गाठी पुन्हा आल्या तर त्याही निचऱ्याची वाट अडवतात, म्हणून ती शक्यता तपासून बाजूला सारल्याशिवाय कोणताही जाणता डॉक्टर पुढे जाणार नाही. सूज आठवड्या-आठवड्याने झपाट्याने वाढणे, दंडात आणि खांद्यात खोल ठणका लागणे, बोटांना मुंग्या किंवा हातातली पकड सैल होणे, काखेत अथवा गळ्याशी नवी गाठ लागणे, शस्त्रक्रियेच्या व्रणावर बारीक पुटकुळ्या किंवा कडक ठिपके येणे, यांपैकी काहीही असेल तर आठवडाभरही थांबू नका, एक-दोन दिवसांत पोहोचा. समजा तो आजार उलटलाच असेल, तर तो पाच आठवडे आधी कळण्यात तुमचा फायदाच आहे. आणि नसेल, जसे की बहुधा होईल, तर पाच आठवडे रात्रीची झोप तरी लागेल.

आता धावाधाव करण्याची वेळ कोणती, या प्रश्नाकडे वळते. तुमच्या हाताला सर्वांत जवळचा धोका जंतुसंसर्गाचा आहे. साचलेले लसिकाजल जंतूंना मानवते, त्या हाताची संरक्षणाची फळी काखेतल्या गाठींबरोबर कमजोर झालेली असते, आणि तुम्हाला मधुमेह आहे. एका ताईंना अंगणातल्या झाडाची लिंबे तोडताना बोटात काटा रुतला. त्यांनी तो काढून टाकला आणि विसरल्या. दुपारी चारच्या सुमारास हुडहुडी भरून ताप आला. घरच्यांना वाटले मलेरिया असेल. तापाच्या गोळीवर दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर आल्या तेव्हा हात मनगटापासून दंडापर्यंत लालभडक झाला होता, कातडी ताणून चकाकत होती आणि हात लावताच आतली धग जाणवत होती. आठवडाभर दवाखान्यात राहून सलाईनमधून प्रतिजैविके घ्यावी लागली. त्या बऱ्या झाल्या, पण त्या आजारपणानंतर हाताची सूज जी वाढली ती पूर्वीच्या मापावर परत आली नाही. हे त्यांच्या बाबतीत एका दिवसात टळले असते.

म्हणून हा नियम लक्षात ठेवा की, सुजलेला हात लाल झाला, गरम लागला, दुखू लागला किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे जायचे, रविवार असला तरी. कित्येकदा ताप आधी येतो आणि लाली काही तासांनी दिसते, तेव्हा लाली नाही म्हणून थांबू नका. लाल भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून बाजूला वेळ लिहून ठेवा. रेघेबाहेर लाली किती वेळात सरकली हे डॉक्टरांना त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते. डॉक्टर तुमच्या ओळखीचे नसतील तर ‘या बाजूच्या काखेतल्या गाठी काढलेल्या आहेत आणि मला मधुमेह आहे’ ही दोन वाक्ये सर्वांत आधी सांगा.

दुसरा धोका तुलनेने कमी वेळा दिसतो, पण तो ओळखता आला पाहिजे. हाताच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली तर सूज दोन महिन्यांत नव्हे, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येते. हात निळसर-जांभळट दिसतो, ताणल्यासारखा दुखतो, आणि खांद्यावरच्या व छातीवरच्या शिरा फुगून वर येतात. ज्यांना केमोसाठी गळ्याखाली पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) किंवा दंडात लांब नळी बसवलेली असते त्यांच्यात हे अधिक होते, तेव्हा तुमचा पोर्ट अजून काढलेला नसेल तर डॉक्टरांना अवश्य सांगा. अशा वेळी त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, होईल अशा ठिकाणी जावे. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर एकाएकी दम लागतो, श्वास घेताना छातीत कळ येते, कधी खोकल्यातून रक्त पडते. तसे काही झाले तर ओळखीच्या दवाखान्याचा विचार करू नका, १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. चेहरा आणि मान सुजली असेल, आडवे पडल्यावर घुसमटत असेल, तर तेही त्याच तातडीचे.

घरी जे चालले आहे त्यातले बरेचसे आजपासून थांबवावे लागेल. जाऊबाईंची माया मला समजते, आणि त्यांना वाईट वाटू देऊ नका, पण सुजलेला हात तेल लावून रगडू नये. या नलिका कातडीच्या अगदी लगत असतात आणि जोराच्या मालिशने त्यांना इजाच होते. संसर्ग किंवा गुठळी असेल तर रगडणे सरळ धोक्याचे आहे. यासाठी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट जे हलके मालिश शिकवतात ते इतके हळुवार असते की बघणाऱ्याला वाटावे, नुसती कातडी सरकवत आहेत. ते एकदा शिकून घेतले की जाऊबाईंनाच करता येईल. गरम पाण्याची पिशवीही बंद करा. उष्णतेने हाताकडे रक्त अधिक येते आणि सूज वाढते. शिवाय काखेच्या शस्त्रक्रियेनंतर दंडाच्या आतल्या बाजूची संवेदना अनेकींना कमी झालेली असते, त्यामुळे भाजले तरी कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. लघवीच्या गोळ्यांचा या सुजेला उपयोग होत नाही, कारण त्या रक्तातले पाणी काढतात आणि साचलेली प्रथिने तिथेच राहतात. मधुमेहाच्या औषधांबरोबर अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे तर मुळीच बरोबर नाही. तुमच्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र चालूच ठेवा.

डाव्या हातातली पाटली आणि अंगठी आजच काढून ठेवा. हात थोडा वेळ उंच धरून, साबणाचे पाणी लावून हळूहळू फिरवत काढा. अंगठी निघत नसेल आणि बोट निळे पडत असेल तर दवाखान्यात किंवा सोनाराकडे कापून घ्यावी. सोने पुन्हा जोडता येते.

एक मोजपट्टी घ्या, शिंप्याकडे असते तीच कापडी. कोपराच्या घडीपासून १० सेंटिमीटर वर, १० सेंटिमीटर खाली, मनगटावर आणि अंगठा सोडून तळहाताभोवती अशा चार जागी दोन्ही हातांचा घेर मोजा. पट्टी ओढू नका, नुसती टेकवा. कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकटीत आकडे लिहून ठेवा आणि तीन-चार दिवसांनी त्याच वेळी पुन्हा मोजा. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचा उजवा हात मुळात थोडा भरलेला असतो, तेव्हा काही मिलिमीटरचा फरक मनावर घेऊ नका. कोणत्याही जागी डावा हात उजव्यापेक्षा २ सेंटिमीटर किंवा अधिक भरला तर डॉक्टर त्याला निश्चित सूज मानतात. फरक त्याहून कमी आला तरी दाखवायला जायचेच आहे, कारण जडपणा आणि वळ ही लक्षणे मापाच्या आधीची आहेत.

डॉक्टरांकडे काय होईल याची कल्पना असली तर जायला धीर येतो. ते दोन्ही हात, काख, गळा, छातीवरचा व्रण आणि दुसरा स्तन तपासतील. बहुधा हाताची डॉपलर सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास आणखी चित्रण सांगतील. लिम्फिडीमा ठरला तर उपचार साधे पण चिकाटीचे असतात. काही दिवस खास पद्धतीने थर देत बांधलेले पट्टे, मग मापाचा दाबमोजा (हातावर बाहीसारखा चढवायचा, दाब देणारा घट्ट मोजा), हलके मालिश, व्यायाम आणि कातडीची निगा. दाबमोजा माप घेतल्याशिवाय दुकानातून आणू नका. चुकीच्या मापाचा मोजा मनगटाशी काचतो आणि पंजा फुगवतो. शस्त्रक्रिया जिथे झाली तिथले डॉक्टर सर्वांत उत्तम, कारण तुमचा सगळा इतिहास त्यांच्याकडे आहे. पण ती वेळ लांबची मिळत असेल तर साताऱ्यातल्या शल्यचिकित्सकांना आधी दाखवा आणि पुण्याची तारीख समांतर घेऊन ठेवा.

हात वापरायचाच नाही, हा समज जुना आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लिम्फिडीमा असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला. त्यांची सूज वाढली नाही, उलट तिचे भडके कमी झाले आणि हातात बळ आले. कणीक मळा, धुणे वाळत घाला, भाजी निवडा. एकदम पाण्याचा भरलेला हंडा उचलण्यासारखे काम मात्र तपासणी होईपर्यंत नको. वजन वाढलेले असेल तर ते उतरवण्याचा या हाताला थेट फायदा होतो. बागेत आणि भांडी घासताना हातमोजा घाला, नखांच्या कडा ओरबाडू नका, कातडी कोरडी पडू नये म्हणून खोबरेल तेल हलक्या हाताने चोळा, आणि सुई किंवा रक्तदाबाचा पट्टा शक्यतो उजव्या हाताला सांगा.

हे सदर इतरही वाचतात, म्हणून थोडक्यात. स्तनाची शस्त्रक्रिया झालेली नसताना एकच हात सुजला तर तीही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. व्यायामशाळेत किंवा गोलंदाजीत खांद्यावर ताण पडणाऱ्या तरुण मुलाचा हात एकाएकी सुजून निळसर झाला तर तो मुरगळा समजून लेप लावत बसू नये, तिथे शिरेत गुठळी असू शकते. सलाईन लावलेल्या जागी आलेली सूज दोन दिवसांत उतरत नसेल, किंवा डायलिसिसचा फिस्चुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) असलेला हात सुजला असेल, तर दाखवावे. दोन्ही हात-पाय सुजत असतील तर मूत्रपिंड, हृदय, थायरॉइड यांची तपासणी हवी.

शेवटी तुमच्या मुलाविषयी. त्याला आज संध्याकाळीच फोन करा. ‘हात थोडा सुजला आहे, दुखत नाही, डॉक्टरांना दाखवायला चालले आहे, तू यायची घाई करू नकोस’ एवढे म्हटले तरी पुरे. दिवाळीला आल्यावर त्याला उसवलेली बाही आणि दोन महिन्यांची गोष्ट एकदम कळली तर त्याला अधिक लागेल. बरोबर जाऊबाईंना न्या, त्यांना डॉक्टरांच्या तोंडून मालिशीचे ऐकू द्या. शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजीचा अहवाल, रेडिएशनचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि मोजमापांचे कालनिर्णयाचे पान एका पिशवीत भरून ठेवा. काखेतून किती गाठी काढल्या हा आकडा अहवालात असतो, तो डॉक्टर विचारतील. फाईल कुठे ठेवली ते आठवत नसेल तर शोधण्यात दिवस घालवू नका, तशाच निघा; नक्कल रुग्णालयाकडून नंतर मागवता येईल.